लेकींकडच्या रेघा : इंग्लंडच्या राजघराण्यातली सोयरीक आणि वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी सातवा हेन्री आणि यॉर्कची एलिझाबेथ यांच्या लग्नाबद्दल लिहिलं होतं. १८ जानेवारी १४८६ ला हे लग्न लागलं, एकाच घराण्याच्या दोन भांडणाऱ्या शाखा जुळल्या आणि ट्युडर गादीचा पाया पक्का झाला, एवढा त्या लेखाचा गाभा. त्यावर भरपूर पत्रं आली. लढायांबद्दल फारसं कुणी विचारलेलं नाही. विचारलंय ते नात्यांबद्दल : कोण कुणाची कोण, मुलगी कुठे दिली, वाटणी कशी झाली. मला त्याचा मनापासून आनंद झाला. बेळगावात मराठी शाळेत इतिहास शिकवताना मी वर्गात हेच सांगत आले, की राजाचं घर समजून घ्यायचं तर लेकी-सुनांची नावं गाळून चालत नाही. निवडक पत्रांना उत्तरं देते. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, गावं दिली आहेत.

प्रश्न : बाई, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. पुस्तकात ‘लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांतलं युद्ध’ असं दिलंय. ही घराणी वेगळी होती का? आणि दोघांचाही गादीवर हक्क कसा काय? (खानापूर)

वेगळी मुळीच नव्हती. दोन्ही शाखा प्लँटाजेनेट घराण्याच्या, एकाच तिसऱ्या एडवर्डच्या पोटच्या. त्याने १३२७ ते १३७७ असं पन्नास वर्षं राज्य केलं आणि त्याचे पाच मुलगे वयात आले. क्रम पाठ कर, कारण पुढची सगळी भांडणं या क्रमावरून झाली : थोरला एडवर्ड, मग लायनेल, मग जॉन ऑफ गाँट, मग एडमंड, शेवटचा थॉमस.

थोरला बापाच्या आधी एक वर्ष गेला, म्हणून नातू दुसरा रिचर्ड दहाव्या वर्षी राजा झाला. १३९९ साली गाँटच्या मुलाने, हेन्रीने, या सख्ख्या चुलतभावाला गादीवरून उतरवलं आणि चौथा हेन्री म्हणून तो स्वतः बसला. ही लँकेस्टर शाखा. लँकेस्टरची जहागीर गाँटला मिळाली ती त्याची पहिली बायको ब्लांश हिच्या माहेरून. म्हणजे शाखेचं नावसुद्धा सुनेने आणलेलं.

यॉर्क शाखा चौथ्या मुलाची, एडमंडची. आता तिसऱ्याचे वंशज हयात असताना चौथ्याच्या वंशजाने हक्क कसा सांगावा? बापाच्या बाजूने सांगताच येत नव्हता. तो सांगितला आईच्या बाजूने. लायनेलला मुलगा नव्हता, एकच मुलगी होती, फिलिपा. ती मॉर्टिमर घराण्यात पडली. तिची नात ॲन मॉर्टिमर एडमंडच्या धाकट्या मुलाला दिली. त्यांचा मुलगा रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क. वडिलांकडून चौथ्या मुलाचा नातू, आईकडून दुसऱ्या मुलाचा वंशज! १४६० साली त्याने गादीवर दावा सांगितला तो या आईच्या जोरावर. ती बिचारी १४११ साली, हे मूल जन्मल्यावर लगेचच, विशीत वारली होती. पुस्तकांत तिला अर्धी ओळही मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक धागा बघ. या रिचर्डची बायको सिसिली नेव्हिल. तिची आई जोन बोफर्ट ही गाँटची मुलगी, चौथ्या हेन्रीची सावत्र बहीण. यॉर्कची सून लँकेस्टरची नात होती. १४५५ साली सेंट ऑल्बन्सला पहिली लढाई झाली तेव्हा एका बाजूला सिसिलीचा नवरा, तर दुसऱ्या बाजूला तिच्या मामेभावाचा मुलगा सहावा हेन्री. सातारा आणि करवीर या दोन्ही गाद्या भोसल्यांच्याच, हे आपल्या भागात शाळकरी मुलालाही सांगावं लागत नाही. तिथलंही तसंच समज. उत्तरपत्रिकेत ‘प्लँटाजेनेट घराण्याच्या दोन शाखा’ असं लिही.

प्रश्न : मी नववीत आहे. आम्हाला शाळेच्या प्रदर्शनासाठी ट्युडर राजांची वंशावळ करायची आहे. चार्ट पेपरवर नावं मावत नाहीत. कुणाला वगळू? (येळ्ळूर)

बाळा, वगळायचं असेल तर लढाया आणि किल्ल्यांची चित्रं वगळ. मुली वगळू नकोस. पेपर आडवा धर. वर मधोमध सातवा हेन्री आणि एलिझाबेथ. खाली चार चौकटी : आर्थर, मार्गारेट, आठवा हेन्री, मेरी. बहुतेक तक्त्यांत आठव्या हेन्रीखाली सगळी गर्दी होते. त्याची तिन्ही मुलं, सहावा एडवर्ड, पहिली मेरी आणि पहिली एलिझाबेथ, एकामागून एक गादीवर आली खरी. पण तिघांनाही मूल झालं नाही आणि ती रेघ तिथेच थांबली.

चालू राहिली ती मार्गारेटची. तिला १५०३ साली स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सला दिलं. तो फ्लॉडनच्या लढाईत १५१३ साली मेला, तोही माहेरच्या इंग्रज फौजेशी लढताना. मार्गारेटने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं, अँगसच्या अर्लशी. पहिल्या लग्नाचा मुलगा पाचवा जेम्स, त्याची मुलगी मेरी, स्कॉटलंडची राणी. दुसऱ्या लग्नाची मुलगी मार्गारेट डग्लस, तिचा मुलगा डार्नली. या मेरीचं आणि डार्नलीचं १५६५ साली लग्न झालं. म्हणजे मेरीने आतेभावाशी लग्न केलं. आते सावत्र होती, पण आजी एकच. त्यांचा मुलगा सहावा जेम्स १६०३ साली इंग्लंडचाही राजा झाला. तुझ्या तक्त्यात जेम्सपासून वर दोन रेघा काढ, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही मार्गारेटच्या चौकटीत जाऊन मिळतील. ती चौकट मोठी काढ.

प्रश्न : मी वकिली करतो. माझ्याकडे बहिणी-बहिणींचे, जावा-जावांचे वाटणीचे दावे येतात. त्या राजघराण्यात बायकांच्या नावावर जमीन असे का, आणि असली तर ती त्यांच्या हातात राहत असे का? (चिकोडी)

वकीलसाहेब, तुमच्यासाठी एक प्रकरण थोडं विस्ताराने सांगते, कारण ते कोर्टात उभं राहिल्यासारखं डोळ्यांपुढे येतं.

वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा त्या काळातला सगळ्यात मोठा सरदार. त्याने राजे बसवले आणि उतरवले. पण वॉरिकची जहागीर त्याची नव्हती, बायकोची होती. ॲन बोशां हिला ती माहेरच्या वारशाने मिळाली आणि तिच्यामुळे नवरा अर्ल झाला. त्यांना दोन मुली, इझाबेल आणि ॲन. मुलगा नाही. इझाबेलचं लग्न राजाचा, चौथ्या एडवर्डचा, भाऊ जॉर्ज याच्याशी १४६९ साली झालं. धाकटीला आधी शत्रुपक्षाच्या राजपुत्राला दिलं होतं, सहाव्या हेन्रीच्या मुलाला. १४७१ च्या एप्रिलमध्ये बाप बार्नेटला मारला गेला आणि मे महिन्यात नवरा ट्यूक्सबरीला. ॲन पंधराव्या वर्षाच्या आत विधवा. तिच्याशी लग्न करायचं ठरवलं राजाच्या सगळ्यात धाकट्या भावाने, रिचर्डने, जो पुढे तिसरा रिचर्ड झाला.

दोन सख्ख्या बहिणी जावा होणार, हे आपल्याकडे घरोघरी चालतं आणि बरं मानतात. इथे जॉर्जला ते नको होतं, कारण मेव्हणीचं लग्न झालं तर सासूची इस्टेट निम्मी जाणार. त्या काळातली क्रॉयलंडच्या मठातली बखर सांगते, की त्याने ॲनला लंडनमध्ये स्वयंपाकघरातल्या मोलकरणीच्या कपड्यांत दडवून ठेवलं होतं. रिचर्डने तिला शोधून काढलं आणि सेंट मार्टिनच्या चर्चच्या आश्रयाला नेऊन ठेवलं. मग दोघे भाऊ राजासमोर भांडले, आणि ते वर्ष-दोन वर्षं पुरलं.

खरी गोष्ट पुढे आहे. ही सगळी इस्टेट जिची, ती सासू जिवंत होती. ब्यूली मठात आश्रयाला राहून ती अर्ज करत होती : राजाला, राणीला, राजाच्या आईला, पार्लमेंटला. माझी वडिलार्जित जमीन माझी आहे, एवढंच तिचं म्हणणं. १४७४ साली पार्लमेंटने कायदा करून दोन्ही जावयांत इस्टेट वाटून दिली आणि त्यात लिहिलं, की काउंटेस जणू नैसर्गिकरीत्या मेलेली आहे असं समजून ही वाटणी व्हावी. जिवंत बाईला कायद्याने मेलेली ठरवलं! ती त्यानंतर अठरा वर्षं जगली. दोन्ही मुली आणि दोन्ही जावई तिच्या डोळ्यांदेखत गेले. १४८७ साली सातव्या हेन्रीने तिला इस्टेट परत दिली, आणि त्याच वर्षी तिच्याकडून बहुतेक सगळी राजाच्या नावावर लिहून घेतली. १४९२ साली ती वारली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की भाऊ नसला तर जमीन मुलीच्या नावावर येत असे, अगदी अर्लपदासकट. हातात राहणं हे नवऱ्यावर, जावयावर आणि राजाच्या मर्जीवर. आपल्याकडे मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा कर्नाटकात १९९४ पासून आहे, देशभर २००५ पासून. तरी ‘भावाला हक्क सोडून दे’ म्हणून बहिणीची सही घ्यायला घरात किती घाई असते, ते तुम्ही माझ्याहून जास्त पाहता. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, नाव चढेपर्यंत त्या बहिणींच्या पाठीशी उभे राहा, एवढी विनंती.

प्रश्न : आमच्यात मामाच्या मुलीला पहिली मागणी. शेजारच्या कन्नड घरांत अक्काच्या मुलीशीसुद्धा लग्न लावतात, म्हणजे सख्ख्या मामाशी भाचीचं. माझी नात म्हणते, हे मागासलेपण आहे, युरोपात असलं काही नव्हतं. खरं का? (अथणी)

आजी, नातीला हे उत्तर वाचून दाखवा. युरोपात होतं, आणि भरपूर होतं. फरक एवढाच की तिथे नियम एका टोकाचा आणि वागणूक दुसऱ्या टोकाची.

नियम चर्चचा. आधी सातव्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्न बंद होतं. १२१५ च्या मोठ्या धर्मसभेने ते चौथ्यावर आणलं. म्हणजे खापरपणजोबा एक निघाले तरी लग्नाला अडथळा. मामाकडचं, आत्याकडचं, चुलत्याचं, मावशीचं असा भेद नाही, सगळं सारखंच निषिद्ध. पण राजघराण्यांची सोयरीक राजघराण्यांतच, तेव्हा नात्याबाहेरची मुलगी आणायची कुठून? मग पोपकडून परवानगी मागवायची. वर सांगितलेल्या तिसऱ्या एडवर्डची आई आणि त्याच्या राणीची, फिलिपाची (लायनेलची मुलगी नव्हे), आई एकमेकींच्या चुलतबहिणी. त्यांनी १३२८ साली पोपच्या परवानगीने लग्न केलं. त्यांचा थोरला मुलगा एडवर्ड याने १३६१ साली केंटच्या जोनशी लग्न केलं, ती त्याच्या वडिलांची चुलतबहीण. आपल्या हिशेबाने चुलत-आत्या! आपल्याकडे हे कुणी ऐकूनही घेणार नाही. सातवा हेन्री आणि एलिझाबेथ दोघेही जॉन ऑफ गाँटच्या चौथ्या पिढीतले, त्यांनाही परवानगी लागली.

परवानगी मिळणं न मिळणं हे नात्याच्या जवळीकीवर कमी आणि राजकारणावर जास्त अवलंबून असे. माझा राग त्यावर आहे. लग्न मोडायचं झालं की तीच विसरलेली नाती पुन्हा उकरून काढत.

मावशीकडची नाती तर बघा. स्पेनच्या इझाबेला राणीच्या चार मुलींपैकी तिघी घ्या : हुआना, मारिया आणि कॅथरीन. कॅथरीन इंग्लंडला आली, तिची मुलगी पहिली मेरी. हुआनाचा मुलगा सम्राट पाचवा चार्ल्स. १५२२ साली सहा वर्षांच्या मेरीचा वाङ्‌निश्चय या बावीस वर्षांच्या सख्ख्या मावसभावाशी झाला. पुढे चार्ल्सने तो मोडला आणि दुसऱ्या मावसबहिणीशी, मारियाच्या मुलीशी, लग्न केलं. त्यांचा मुलगा दुसरा फिलिप. आणि १५५४ साली अडतीस वर्षांच्या मेरीने लग्न कुणाशी केलं? या फिलिपशी, ज्याच्या बापाशी तिचं एकदा ठरलं होतं. आपल्यात मावसभाऊ म्हणजे राखीचा भाऊ, तिथे विचारसुद्धा शिवत नाही.

मामा-भाचीचं म्हणाल तर तेही आहे. मेरी वारल्यावर याच फिलिपने पुढे १५७० साली ऑस्ट्रियाच्या ॲनाशी लग्न केलं, ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तुमच्या शेजाऱ्यांच्या रिवाजात तंतोतंत बसणारं. इंग्लंडच्या राजाने मात्र असं केलेलं नाही. १४८५ च्या मार्चमध्ये तिसऱ्या रिचर्डची बायको ॲन वारली आणि तो आता पुतणीशी, यॉर्कच्या एलिझाबेथशी, लग्न करणार अशी आवई उठली. लोक एवढे खवळले की त्याला लंडनच्या महापौरासमोर आणि नागरिकांसमोर उभं राहून ते जाहीरपणे नाकारावं लागलं.

चुलत-मामे भावंडांना इंग्लंडमध्ये मोकळीक मिळाली १५४० साली. आठव्या हेन्रीने कायदा केला, की बायबलात ज्या नात्यांना मनाई आहे तेवढीच बंद. कारण त्याचं स्वतःचं होतं. त्याला कॅथरीन हॉवर्डशी लग्न करायचं होतं आणि ती त्याच्या आधीच्या बायकोची, ॲन बोलिनची, सख्खी मामेबहीण. जुन्या नियमाने बायकोच्या नात्यातलीही बंद. १५६३ साली आर्चबिशप पार्करने निषिद्ध नात्यांचा तक्ताच छापला. आजीपासून सुरू होणारा हा तक्ता पुढे चर्चमधून भिंतीवर लावत. त्यात भाची-पुतणी आहेत, मामेबहीण-आतेबहीण नाहीत. म्हणून १८४० साली व्हिक्टोरिया राणीला आपल्या मामाच्या मुलाशी, अल्बर्टशी, लग्न करताना काहीच अडलं नाही. शिवाजी महाराजांनीही सईबाईंची लेक सखुबाई फलटणला दिली होती, मामाच्या, बजाजी नाईक निंबाळकरांच्या, मुलाला.

तेव्हा मागासलेपण म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. हिंदू विवाह कायद्यानेही १९५५ पासून ही नाती निषिद्ध ठरवली आहेत, पण जिथे तशी रूढी आहे तिथे मुभा ठेवली आहे. मात्र नातीचं म्हणणं एका बाबतीत ऐका : जवळच्या नात्यात काही आनुवंशिक आजार मुलांत उतरण्याची शक्यता वाढते. ठरवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. आणि पहिली मागणी मामाची असली तरी शेवटचा शब्द मुलीचा असू द्या.

प्रश्न : मी नर्स आहे. व्हिक्टोरियाच्या घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार आला तो तिने मामेभावाशी लग्न केल्यामुळे, असं आम्हाला एकांनी सांगितलं. बरोबर आहे का? (गोकाक)

नाही. हिमोफिलिया आईकडून मुलाकडे जातो, वडील नात्यातले असोत की परके. व्हिक्टोरिया स्वतः वाहक होती, अल्बर्टचा त्यात काही भाग नाही. तिचा मुलगा लिओपोल्ड या आजाराने १८८४ साली, एकतीसाव्या वर्षी पडल्याचं निमित्त होऊन गेला. मुलगी ॲलिसमार्फत तो रशियाच्या युवराज अलेक्सीपर्यंत पोचला, बिअ‍ॅट्रिसमार्फत स्पेनला. सापडलेल्या अवशेषांच्या तपासणीवरून २००९ साली हा ‘ब’ प्रकारचा हिमोफिलिया असल्याचं सिद्ध झालं.

प्रश्न : आठव्या हेन्रीने सहा लग्नं केली हे माहीत आहे. पण पहिली बायको त्याची भावजय होती म्हणून ते लग्न पाप, असं तो म्हणत होता. आमच्याकडे भाऊ वारला तर धाकट्या दिराने भावजयीला आधार दिल्याची उदाहरणं आहेत. यात पाप ते काय? (संकेश्वर)

पाप होतं की नाही, यावर सगळ्या युरोपातले पंडित भांडले. बायबलातच दोन वचनं आहेत. त्यातलं ‘लेवीय’ हे पुस्तक म्हणतं, भावाच्या बायकोशी लग्न केलं तर ती दोघं निःसंतान राहतील. ‘अनुवाद’ हे दुसरं पुस्तक म्हणतं, भाऊ निपुत्रिक वारला तर त्याच्या विधवेशी लग्न करणं हे कर्तव्य. हेन्रीने पहिलं उचललं.

अ‍ॅरागॉनची कॅथरीन १५०१ च्या नोव्हेंबरमध्ये थोरल्या आर्थरशी लग्न करून आली. पाच महिन्यांत तो वारला. ती सोळा वर्षांची. सासऱ्याला हुंडा परत द्यायचा नव्हता, बापाला तह मोडायचा नव्हता, म्हणून धाकट्या दिराशी ठरवलं आणि १५०३ साली पोपची परवानगी आली. पण लग्न लगेच झालं नाही. सहा वर्षं ती परक्या देशात पैशाची ओढाताण सोसत राहिली. १५०७ साली बापाने तिलाच आपली वकील नेमलं, आणि तिने ते काम चोख केलं. १५०९ साली हेन्री राजा झाल्यावर लग्न लागलं. अठरा वर्षं ते लग्न कुणाला खुपलं नाही. मुलगा जगला नाही, एक मेरीच जगली, आणि ॲन बोलिन मनात भरली, तेव्हा खुपलं.

आणि तो म्हणत होता त्याला किती अर्थ होता हे ओळखायचं तर एवढंच बघा : ॲनच्या बहिणीशी त्याचे आधी संबंध होते, आणि चर्चच्या नियमाने तोही तेवढाच मोठा अडथळा. त्यासाठी त्याने गुपचूप पोपकडे परवानगी मागितली होती. एक अडथळा परवानगीने दूर होतो आणि तसलाच दुसरा होत नाही, हे कसं? पोपही अडकला होता. १५२७ साली रोम सम्राट चार्ल्सच्या फौजेने लुटलं होतं, आणि कॅथरीन चार्ल्सची सख्खी मावशी.

१५२९ च्या जूनमध्ये लंडनच्या ब्लॅकफ्रायर्समध्ये न्यायसभा भरली. कॅथरीन उठली, सगळा दरबार ओलांडून नवऱ्यापुढे गेली आणि गुडघे टेकून म्हणाली, की आपण लग्न केलंत तेव्हा मी कुमारिका होते, हे आपल्याला ठाऊक आहे. हेन्री काही बोलला नाही. ती चालती झाली. पुकारा होत राहिला, ती परतली नाही. १५३३ साली लग्न रद्द ठरवलं तरी मरेपर्यंत तिने ‘राणी’ ही पदवी सोडली नाही. बाकीच्या पाच लग्नांबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं. माझ्या मते त्या राजवाड्यातली सगळ्यात खंबीर व्यक्ती ही.

तुमच्या प्रश्नापुरतं सांगायचं तर इंग्लंडमध्ये वारलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न कायदेशीर झालं १९०७ साली, आणि वारलेल्या भावाच्या बायकोशी १९२१ साली. आपल्याकडे आईविना पोरांना मावशीच सावत्र आई म्हणून आणणं हा घराघरातला शहाणपणा होता.

प्रश्न : माझ्या आजीचं लग्न बाराव्या वर्षी झालं. ती त्याबद्दल कधी बोलली नाही. तुमच्या लेखात सातव्या हेन्रीची आई मुलगा झाला तेव्हा तेरा वर्षांची होती असं एका ओळीत आलंय. मला तिच्याबद्दल आणखी वाचायचं आहे. (निपाणी)

ताई, तुमच्या पत्राला जास्त जागा द्यायला हवी.

मार्गारेट बोफर्ट ३१ मे १४४३ ला जन्मली आणि वर्षाच्या आत बाप गेला. मोठी वारसदार, बाप नाही, म्हणजे तिचं पालकत्व राजाच्या हातात, आणि ते देण्याघेण्याची वस्तू. लहानपणीच एक लग्न लावलं आणि ते रद्दही केलं. मग १४५५ साली, बारा वर्षांची असताना, राजाचा सावत्र भाऊ एडमंड ट्युडर याच्याशी लग्न झालं. तो तिच्याहून दुप्पट वयाचा.

चर्चच्या नियमाने मुलीला बारा वर्षं पुरी. पण एवढ्या लहान मुलीला नवऱ्याकडे पाठवायचं नाही, वाट पाहायची, ही समज त्या काळातही होती. एडमंडने वाट पाहिली नाही. कारण जमिनीत होतं. बायकोच्या जमिनीचा उपभोग नवऱ्याला तिच्यामागेही आयुष्यभर हवा असेल तर तिच्या पोटी जिवंत मूल जन्मलं पाहिजे, असा कायदा. वर्षभरात तो कैदेत सापडून प्लेगने मेला. तेव्हा ती सहा महिन्यांची गरोदर. वेल्समधल्या पेम्ब्रोकच्या किल्ल्यात दिराच्या आश्रयाला गेली आणि २८ जानेवारी १४५७ ला तिथे बाळंत झाली. आई आणि मूल दोघंही जेमतेम वाचली. तिचे धर्मगुरू बिशप जॉन फिशर यांनी पुढे तिच्या लहानखुऱ्या अंगकाठीचा आणि त्या वयात मूल झाल्याचा उल्लेख आश्चर्याने केला आहे. तिने आणखी दोन लग्नं केली, मूल पुन्हा झालं नाही.

मुलगाही तिच्याजवळ राहिला नाही. १४६१ नंतर तो दुसऱ्या सरदाराच्या ताब्यात वाढला, १४७१ पासून चौदा वर्षं ब्रिटनीत आणि फ्रान्समध्ये परागंदा. त्याच्यासाठी तिने पैसा उभा केला आणि यॉर्कच्या विधवा राणीशी गुप्तपणे सोयरीक ठरवली. १४८५ साली तो राजा झाला तो तिच्या रक्ताच्या हक्कावर. तरी गादीवर तो बसला, ती ‘राजमाता’. केंब्रिजचं क्राइस्ट्स कॉलेज तिने १५०५ साली स्थापन केलं, सेंट जॉन्स तिच्या इच्छेने तिच्यामागून झालं.

तुमची आजी बोलली नाही. मार्गारेटही स्वतःच्या बाळंतपणाबद्दल बोलल्याचं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. पण १४९८ साली एक गोष्ट घडली, आणि ती मला तिच्या सगळ्या देणग्यांपेक्षा मोठी वाटते. हेन्रीला आपली मुलगी, तिच्याच नावाची नात मार्गारेट, स्कॉटलंडच्या राजाला द्यायची होती. नात नऊ वर्षांचीही नव्हती, राजा पंचविशीचा. हेन्रीने स्पेनच्या वकिलाला, पेद्रो दे आयालाला, सांगितलं की मुलीला लगेच पाठवता येणार नाही. राणी आणि माझी आई दोघींचा सक्त विरोध आहे. त्यांना भीती वाटते की तिकडचा राजा थांबणार नाही आणि मुलीच्या शरीराला इजा होईल. वकिलाने हे आपल्या राजाला लिहून कळवलं, म्हणून आपल्याला कळलं.

एलिझाबेथ आणि मार्गारेट, सून आणि सासू, एकत्र उभ्या राहिल्या. राजाला तह हवा होता, तोही मोठा. तरी थांबावं लागलं.

आज मुलीला अठरा वर्षं पुरी झाल्याशिवाय लग्न नाही, आणि कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवला आहे. तुमच्या गावात तंबाखूच्या वखारीत आईबरोबर कामाला जाणारी, शाळा सुटलेली मुलगी दिसली आणि तिच्या लग्नाची बोलणी कानावर आली, तर तुम्ही मध्ये बोला. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर त्याचसाठी आहे.

नात मार्गारेट पाच वर्षांनी, १५०३ च्या उन्हाळ्यात, तेरा वर्षांची असताना स्कॉटलंडला गेली. तिचं पहिलं मूल १५०७ साली झालं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती.